इंदूरच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपताना: नॅरोबँड फिल्टरची पद्धत, पायरीपायरीने

रामबाग, लोकमान्य नगर, पलासिया, राजवाडा या भागांत राहणाऱ्या माणसाला घराच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. बोर्टलच्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर शहराच्या मध्यवस्तीतलं आकाश आठवी-नववी पायरी गाठतं. मृगातले ठळक तारे आणि कृत्तिकांतले मोजके ठिपके ओळखू येतात, बाकी सगळीकडे करडा उजेड. तरीही याच गच्चीवरून शर्मिष्ठेतला हार्ट, शृंगाश्वातला रोझेट, हंसातला व्हेइल (बुरखा) हे तेजोमेघ भरपूर तपशिलासह टिपता येतात. त्यासाठी नॅरोबँड फिल्टर हवेत, चंद्राचा हिशेब हवा आणि एकाच तेजोमेघावर अनेक रात्री टिकून राहायची तयारी हवी. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. शहरातून काढलेले चांगले फोटो बहुतेक वेळा महागड्या सामानापेक्षा साठवलेल्या तासांमुळे चांगले झालेले असतात.

हा लेख ज्यांच्याकडे छोटी दुर्बीण आणि कॅमेरा आहे, किंवा जे ते घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी आहे.

फिल्टर काय करतो

डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे ३०० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा. शहरातले पांढरे एलईडी दिवे या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात उजेड ओततात. तेजोमेघातला आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेला) वायू मात्र ठरावीक रेषांतच चमकतो. हायड्रोजन-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची ठळक रेषा ५००.७ वर, आणि गंधकाची जोडरेषा ६७१.६ व ६७३.१ वर. आता ६५६.३ भोवतीचे फक्त ३ नॅनोमीटर आत सोडणारा फिल्टर लावला, तर शहराचा पसरलेला उजेड ढोबळमानाने शंभराव्या हिश्श्यावर येतो आणि हायड्रोजनची रेषा जवळपास पूर्ण आत येते. शहरातून तेजोमेघ मिळतो तो या गणितामुळे.

ऑक्सिजनच्या रेषेचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या कॅट्स आय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यात एक अनोळखी हिरवी रेषा सापडली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की हा ऑक्सिजनच आहे. तो वायू इतका विरळ असतो की उत्तेजित अणूला दुसऱ्या अणूची किंवा इलेक्ट्रॉनची धडक बसण्याआधी ही ‘निषिद्ध’ रेषा सोडायला सवड मिळते. तुमच्या गच्चीवरच्या फिल्टरमधून येते ती हीच रेषा.

जुने ‘लाइट पोल्युशन’ फिल्टर सोडियम आणि मर्क्युरी दिव्यांच्या ठरावीक रेषा अडवण्यासाठी बनवले होते. रस्त्यांवर एलईडी आल्यापासून त्यांचा उपयोग फारच कमी झाला आहे. कुणी वापरलेला स्वस्तात देत असेल तरी विचार करून घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो: हे फिल्टर सूर्याकडे रोखायचे नाहीत. सूर्यासाठीची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण ही पूर्णपणे वेगळी रचना असते.

कशाचा फोटो काढायचा

नॅरोबँडचा फायदा फक्त स्वतः उत्सर्जन करणाऱ्या वायूला होतो. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं आणि एम ७८ हे परावर्तन तेजोमेघ आहेत, त्यांचा उजेड ताऱ्यांचाच, अख्ख्या पट्ट्यात पसरलेला. देवयानीसारख्या दीर्घिकांचंही तेच (त्यांतले हायड्रोजनचे गुलाबी ठिपके तेवढे वेगळे काढता येतात). अशा गोष्टींसाठी गच्ची सोडा आणि महूच्या पुढे जानापावसारख्या जागी अमावास्येला जा.

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश उत्तर. हा अक्षांश खरोखर भाग्याचा आहे. धनू राशीतला लगून, म्हणजे एम ८, लंडनहून जेमतेम १४ अंश वर येतो, आपल्याकडे तो ४३ अंशांवर चढतो. आणि इथूनच शर्मिष्ठेतला हार्टही उत्तरेला ५० अंशांच्या वर जातो.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात हंसापासून सुरुवात करा. अंधार पडतो तेव्हा व्हेइल जवळजवळ डोक्यावर असतो. तो एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे आणि त्यात ऑक्सिजन भरपूर. शेजारचा नॉर्थ अमेरिका तेजोमेघ हायड्रोजनने भरलेला. नोव्हेंबरात रात्री अकराच्या पुढे-मागे हार्ट सर्वांत उंच असतो. डिसेंबर-जानेवारीत मृगातला हॉर्सहेड, ययातीतला कॅलिफोर्निया आणि शृंगाश्वातला रोझेट. फेब्रुवारीत मिथुनेतला जेलीफिश. मार्च-एप्रिलची संध्याकाळ तेजोमेघांसाठी तशी कोरडीच असते. नंतर एप्रिल-मेच्या उत्तररात्री धनूचा भाग वर येतो. मेच्या मध्यात लगून पहाटे तीनच्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असतो. जूनच्या मध्यापासून सामान कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी रोझेटच सुचवेन. काक्षीपासून (बीटलज्यूस) प्रश्व्याकडे (प्रोसायन) रेषा ओढली तर साधारण एक तृतीयांश अंतरावर तो सापडतो. आकार सव्वा अंशाच्या आसपास, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुपटीहून जास्त. मधोमध एनजीसी २२४४ हा तारकागुच्छ, त्याच्या भोवती ऑक्सिजन, बाहेर हायड्रोजनचं कडं आणि गंधकाच्या कडा. तिन्ही रेषा त्यात भरपूर मिळतात, त्यामुळे शिकायला याहून चांगला नाही. हॉर्सहेडच्या मागचा पडदा आणि कॅलिफोर्निया हे मुख्यतः हायड्रोजनचे. तिथे ऑक्सिजनच्या मागे रात्री घालवू नका.

सामान: पैसे कशावर घालायचे

आधी माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक), मग कॅमेरा, मग फिल्टर, आणि दुर्बीण शेवटी. नवे लोक याच्या नेमकं उलट करतात. पाच मिनिटं शटर उघडं ठेवायचं तर तारे ठिपके राहिले पाहिजेत, आणि ते काम ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या विषुववृत्तीय माउंटचं आणि गाइडिंगचं, म्हणजे एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्याचं. ६० ते ८० मिलिमीटरची छोटी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आणि स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय किंवा एचईक्यू-५ माउंट एवढ्यावर वर सांगितलेले सगळे तेजोमेघ येतात.

कॅमेऱ्यात दोन वाटा आहेत. रंगीत सेन्सरवर दर चार पिक्सेलांत एक लाल, दोन हिरवे, एक निळा. हायड्रोजनचा प्रकाश फक्त त्या एका लालवर पडतो. ऑक्सिजनचा हिरव्या-निळ्यावर. म्हणून दोन रेषा एकदम सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर (ऑप्टोलाँगचा एल-एक्स्ट्रीम, अँटलियाचा एएलपी-टी हे या प्रकारचे) रंगीत कॅमेऱ्यावर लावला की एकाच वेळी दोन्ही रेषा मिळतात आणि नंतर वेगळ्या करता येतात. दुसरी वाट मोनो कॅमेरा, फिल्टर व्हील आणि तीन स्वतंत्र फिल्टर. यात सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल कामाला लागतो, गंधक वेगळा मिळतो आणि चंद्रानुसार फिल्टर निवडता येतो. शहरातून दीर्घकाळ हेच करायचं ठरलं असेल तर मोनो घ्या. वेळ कमी, नोकरी सकाळची असेल तर रंगीत आणि ड्युअल-बँड. त्यातही उत्तम फोटो निघतात. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढची काच हायड्रोजन-अल्फाचा बराचसा प्रकाश खाते. ती काच बदलून घेतल्याशिवाय नॅरोबँडचा उपयोग मर्यादित राहतो.

फिल्टर घेताना तीन गोष्टी पाहा. रुंदी: ७ नॅनोमीटरनेही काम होतं, पण इंदूरच्या उजेडात आणि चांदण्यात ३ नॅनोमीटरच्या फिल्टरने पडणारा फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः ऑक्सिजनमध्ये. आकार: एएसआय ५३३ या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरला सव्वा इंची पुरतो, एपीएस-सी सेन्सरला ३६ मिलिमीटर किंवा दोन इंची लागतो. तिसरी गोष्ट लेन्सचा वेग. एफ/२ च्या लेन्समधून किरण इतके तिरके येतात की फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि अरुंद फिल्टरमधून रेषाच निसटू लागते. अशा लेन्ससाठी खास ‘हाय-स्पीड’ फिल्टर असतात, नाहीतर लेन्स एफ/४ पर्यंत बंद करा. स्वस्त फिल्टरमध्ये ठळक ताऱ्याभोवती मोठी वर्तुळं उमटतात. हॉर्सहेडजवळच्या अल्निटाकवर ती लगेच दिसतात, म्हणून विकत घेण्याआधी त्या फिल्टरने काढलेला हॉर्सहेडचा फोटो बघायला मागा.

लक्ष्य चौकटीत मावतं का, हे आधी कागदावर काढा. पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार गुणिले २०६.२६५, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये: हे झालं प्रति पिक्सेल आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). ३.७६ मायक्रॉन आणि ४०० मिलिमीटरला १.९४ येतं, जे आपल्या हवेला छान जुळतं. एएसआय ५३३ चा सेन्सर ११.३ मिलिमीटर, ४०० मिलिमीटरवर १.६ अंशांची चौकट. रोझेट त्यात मावतो, पण कडेला फार जागा उरत नाही. २५० मिलिमीटर असेल तर ऐसपैस.

पंचांग उघडा

चांदणं हे परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि हवेत विखुरताना त्यातला निळा-हिरवा भाग जास्त पसरतो. म्हणून ऑक्सिजनच्या ५०० नॅनोमीटरला चंद्र फार छळतो आणि हायड्रोजन-गंधकाच्या लाल रेषांना कमी. यावरून सगळं वेळापत्रक ठरतं: ऑक्सिजन काळोखात, हायड्रोजन चांदण्यात, गंधक मधल्या रात्रींना. ३ नॅनोमीटरच्या फिल्टरने पौर्णिमेच्या आगेमागेही हायड्रोजन घेता येतो, फक्त चंद्रापासून ५०-६० अंश दूर राहा.

यासाठी अ‍ॅप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. शुक्ल पंचमीला चंद्र रात्री दहाच्या आत मावळतो, त्यानंतर ऑक्सिजन लावा. शुक्ल अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. कृष्ण पंचमीला संध्याकाळचे पहिले दोन-तीन तास काळोखाचे मिळतात: आधी ऑक्सिजन, चंद्र वर आला की हायड्रोजन. इंदूरात घरोघरी दोन प्रकारची कॅलेंडरं असतात. आपल्या मराठी अमान्त कॅलेंडरात जो मार्गशीर्ष कृष्ण पक्ष, तो शेजारच्या पूर्णिमान्त पंचांगात पौष कृष्ण. पक्ष आणि तिथी दोन्हींत एकच, तेव्हा महिन्याच्या नावाने गोंधळू नका.

तासांचा अंदाज रोझेटसाठी असा धरा: हायड्रोजन चार तास, ऑक्सिजन सहा, गंधक सहा. गोंगाटाच्या तुलनेत संकेत वेळेच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट वेळ. म्हणून एका रात्रीत तीन तेजोमेघ उरकण्यापेक्षा पंधरवडाभर एकच धरून ठेवा.

गच्चीवरची मांडणी

ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खाली कॉलम किंवा बीम येतो त्या कोपऱ्यात ठेवा, तिथे चालण्याचे हादरे कमी पोचतात. पाण्याचा पंप रात्री चालतो का तेही पाहा. उन्हाळ्यात तापलेली फरशी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. शब-ए-मालवा म्हणून नावाजलेला गारवा उतरायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात, तोपर्यंत ताऱ्यांची थरथर जास्त असते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेवलं तर फरक पडतो, मात्र फरशी वाळल्यावरच वायरी पसरा.

माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेला जुळवावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर असतो आणि उत्तरेला तिमजली घर असेल तर तो दिसतच नाही. अशा वेळी निना या मोफत प्रोग्रॅमचं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट वापरा. आकाशातल्या कुठल्याही मोकळ्या भागात तीन फोटो घेऊन ते अक्ष किती चुकलाय ते सांगतं. एएसआय एअर या नियंत्रक यंत्रातही अशी सोय आहे. चूक एक-दोन आर्कमिनिटांपर्यंत आणली की पुरे. कमी अक्षांशामुळे काही माउंटांचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. रात्री सुरू करण्याआधी दिवसा एकदा सगळ्या दिशांना फिरवून बघा.

शेजाऱ्यांचा दिवा थेट दुर्बिणीत येत असेल तर लांब ड्यू-शिल्ड (दुर्बिणीच्या तोंडावरची नळी) लावा आणि सरळ जाऊन विचारा: “काकू, दहानंतर गच्चीवरचा दिवा बंद ठेवाल का?” बहुतेक काकू हो म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात शनी बघायला वर येतात. डिसेंबर-जानेवारीत दव चांगलंच पडतं, ड्यू-हीटरशिवाय बसू नका.

फोकस आणि एक्सपोजर

नॅरोबँडमधून तारे मंद दिसतात, म्हणून फोकससाठी व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा घ्या, बाह्टिनोव्ह मास्क (फोकस दाखवणारी चिरांची जाळी) लावा आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आणा. फोकस ज्या फिल्टरमधून फोटो काढायचा त्याच फिल्टरमधून करा. फिल्टर बदलला की पुन्हा, तापमान तीन-चार अंश उतरलं की पुन्हा. ऑटोफोकसर असेल तर हे काम त्याच्यावर सोपवा. रात्रीच्या श्रमांत याच्याइतकी सुटका दुसऱ्या कुठल्या उपकरणाने होत नाही.

एफ/५ च्या आसपास आणि ३ नॅनोमीटरला ३०० सेकंदांपासून सुरुवात करा, ७ नॅनोमीटर किंवा ड्युअल-बँडला १८० पुरतात. फोटो इतका लांब हवा की आकाशाच्या उजेडाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या रीड नॉइजच्या (सेन्सर वाचताना येणाऱ्या गोंगाटाच्या) वर जाईल. त्यापुढे एक्सपोजर वाढवून फायदा नाही, संख्या वाढवा. एएसआय ५३३ आणि २६०० यांना गेन (संकेताची वाढ) १०० ठेवा, तिथे त्यांचा रीड नॉइज एकदम खाली येतो. थंड केलेल्या कॅमेऱ्याचं तापमान हिवाळ्यात उणे १०, उन्हाळ्यात ०. मेच्या उकाड्यात उणे १० चा हट्ट धरला तर कूलर सतत पूर्ण ताकदीवर चालतो आणि तापमान स्थिर राहत नाही.

गाइडिंगला पीएचडी२ हा प्रोग्रॅम. दर दोन-तीन फोटोंनंतर डिदरिंग, म्हणजे चौकट काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवणं, अजिबात वगळू नका. नाहीतर सगळे फोटो एकत्र केल्यावर पार्श्वभूमीवर तिरके ओरखडे उमटतात आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. लक्ष्य याम्योत्तर ओलांडतं तेव्हा माउंट पलटतो. पहिल्या काही वेळा तेव्हा जागे राहा आणि वायरी कुठे अडकत नाहीत ना ते पाहा.

मृगातल्या एम ४२ चा गाभा इतका तेजस्वी आहे की ३०० सेकंदांत तो पांढराफटक होतो. तिथे १०-१५ सेकंदांचा वेगळा संच घेऊन नंतर जोडा.

डार्क आणि फ्लॅट

डार्क म्हणजे झाकण लावून घेतलेले फोटो: त्याच तापमानाचे, त्याच गेनचे, तेवढ्याच सेकंदांचे. पावसाळ्यात निवांत बसून उणे १० आणि ० असे दोन संच करून ठेवा, वर्षभर चालतात. फ्लॅट (सारख्या उजेडाचे फोटो, धुळीचे डाग काढण्यासाठी) मात्र प्रत्येक फिल्टरचे वेगळे आणि त्याच मांडणीत, कॅमेरा न फिरवता. मालव्याची उन्हाळी धूळ सेन्सरसमोर बसतेच, आणि ताणलेल्या (मंद तपशील उजळवलेल्या) नॅरोबँड फोटोत तिची गोल गोल वलयं ठळक दिसतात. ड्यू-शिल्डवर पांढरा बनियन ताणून पहाटेच्या आकाशाकडे दुर्बीण करा. दर फिल्टरला पंचवीस-तीस फ्लॅट. पाठोपाठ त्याच सेकंदांचे झाकण लावून डार्क-फ्लॅट.

घरात बसून

फोटो एकत्र करायला सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. रंगीत कॅमेरा असेल तर त्यातली हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे काढणारी तयार स्क्रिप्ट चालवा. मोनो असेल तर प्रत्येक फिल्टरचा स्टॅक (एकत्र केलेला फोटो) वेगळा. स्टॅकिंगला सिग्मा क्लिपिंग निवडा. विमानतळावर उतरणारी विमानं आणि उपग्रहांच्या रेघा त्याने पुसल्या जातात, पण त्यासाठी प्रत्येक फिल्टरचे निदान पंधरा-वीस फोटो हवेत. तिन्ही स्टॅक एकमेकांशी जुळवा, कडा कापा, आणि ताणण्याआधी ग्राएक्सपर्टने शहराच्या उजेडाचा उतार काढून टाका. हा क्रम उलटू नका. मग स्टारनेटने तारे बाजूला काढा. तारे नसलेला हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक प्रत्येकी स्वतंत्र ताणा. ऑक्सिजन आणि गंधक मंद असतात, त्यांना जास्त ताण लागेल.

रंगांची जुळणी ही आवडीची बाब आहे, पण दोन रूढ वाटा आहेत. हायड्रोजन लालला, ऑक्सिजन हिरव्या आणि निळ्या दोन्हींना दिला की तेजोमेघ लाल-मोरपंखी दिसतो. खऱ्या रंगांच्या त्यातल्या त्यात जवळचं हेच. दुसरी हबल पद्धत: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. १९९५ च्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या फोटोमुळे ती जगभर पोचली. इथे हायड्रोजन इतका भारी पडतो की आधी सगळं हिरवं दिसतं. हिरवा कमी केला की सोनेरी आणि निळा वर येतात. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही लालच असल्यामुळे डोळ्यांना वेगळे कळत नाहीत, या पद्धतीत मात्र गंधकाच्या कडा कुठे आहेत ते स्पष्ट कळतं, म्हणून मला ती फक्त सजावट वाटत नाही.

तारे परत ठेवताना नॅरोबँडमधले तारे जांभळट येतात. शक्य असेल तर साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरने ३० सेकंदांचे वीस-वीस फोटो घेऊन फक्त तारे त्यातून घ्या. शहरातूनही तेवढे मिळतात.

फोटो झाल्यावर न ताणलेले तिन्ही स्टॅक आणि मूळ फाइली जपून ठेवा, फाइलच्या नावात तारीख, फिल्टर आणि तास लिहून. पुढच्या हिवाळ्यात रोझेट पुन्हा वर येईल तेव्हा बहुतेकदा ऑक्सिजनच कमी पडलेला असतो. तीच दुर्बीण, तोच कोन ठेवून मार्गशीर्ष-पौषातल्या काळोख्या रात्रींत त्याचे आणखी तास घ्या आणि जुन्या फाइलींसोबत नव्याने स्टॅक करा.